पन्नास मीटरवर वेग कमी, नेम पक्का

.२२ रायफलची सबसॉनिक आणि वेगवान काडतुसं : नव्या नेमबाजांसाठी

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या ज्या मुलामुलींना नेमबाजीची गोडी लागते, त्यांतल्या अनेकांचा श्रीगणेशा एनसीसीच्या कॅम्पात होतो. जमिनीवर पालथं पडायचं, .२२ ची रायफल खांद्याला लावायची, मोजक्या गोळ्या झाडायच्या आणि टार्गेटचा कागद हातात आला की भोकं एकमेकांजवळ पडलीत का ते पाहायचं. ज्याचा ग्रुप जमतो त्याला पुढं जावंसं वाटतं. मग क्लब कुठं, रेंज कुठं, शिकवणार कोण याची शोधाशोध सुरू होते आणि त्यापाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो : गोळी कुठली घ्यायची?

काडतुसाच्या डब्यांवर ‘हाय व्हेलॉसिटी’, ‘स्टँडर्ड’, ‘सबसॉनिक’, ‘मॅच’ असे शब्द छापलेले असतात. नवख्याचा हात साहजिकच वेगवान गोळीकडे जातो. गोळी जितकी जोरात जाईल तितकी सरळ जाईल, वारा तिला कमी ढकलेल, नेम अचूक बसेल, असं कुणालाही वाटेल. पन्नास मीटरच्या .२२ नेमबाजीत मात्र हा समज नुकसान करतो. तिथं ध्वनीपेक्षा कमी वेगानं जाणारी, म्हणजे सबसॉनिक गोळी उजवी ठरते. ती का उजवी ठरते, किती उजवी ठरते आणि आपल्या रायफलीसाठी ती कशी निवडायची, हे उंबरमाळी-खर्डीपासून टोकावड्यापर्यंतच्या नव्या नेमबाजांसाठी इथं सविस्तर मांडतो आहे.

ध्वनीचा वेग : खरी सीमारेषा

हवेत आवाज ० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर जातो. तापमान एका अंशानं वाढलं की हा वेग ०.६ मीटरनं वाढतो. २० अंशांना तो ३४३ होतो, ३० अंशांना ३४९ च्या पुढं जातो. आपण समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहोत याचा त्याच्याशी थेट संबंध नाही. माहुलीच्या माथ्यावर आणि पायथ्याच्या आसनगावात तापमान सारखं असेल तर आवाजाचा वेगही सारखाच असतो.

गोळी या वेगापेक्षा जलद निघाली की तिच्या पुढ्यातली हवा बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. हवा दाबली जाते, दाबाची लाट तयार होते आणि ती लाट आपल्या कानाला ‘टाच्’ असा कोरडा, तीक्ष्ण आवाज म्हणून ऐकू येते. पोतराजाचा आसूड हवेत कडाडतो त्याचं कारण अगदी हेच आहे. आसुडाचं टोक क्षणभर ध्वनीच्या वेगापुढं जातं. म्हणजे वेगवान गोळीचे आवाज दोन असतात : एक नळीच्या तोंडाशी दारूच्या वायूंचा होणारा बार आणि दुसरा गोळीच्या वाटेवर उमटणारा कडाका. सबसॉनिक गोळीत यातला दुसरा आवाज नसतो. डोंगराच्या कुशीतल्या रेंजवर हा फरक लगेच कळतो, कारण तो कडाका कड्यावर आपटून परत येतो आणि साध्या बाराचा प्रतिध्वनी त्यामानानं मऊ असतो.

आवाजापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे हवेचा रोध. ध्वनीच्या वेगाच्या आसपास हा रोध एकदम चढतो. त्यामुळं थोड्या जास्त वेगानं निघालेली गोळी तो जादा वेग भराभर गमावते आणि सीमारेषेखालून निघालेली गोळी आपला वेग बराचसा टिकवून ठेवते. पुढं वाऱ्याचं जे गणित येईल, त्याचं मूळ इथं आहे.

डब्यावरचा आकडा कसा वाचायचा

आपण ज्याला .२२ म्हणतो त्या काडतुसाचं पूर्ण नाव .२२ लाँग रायफल. अमेरिकेतल्या जे. स्टीव्हन्स कंपनीनं ते १८८७ मध्ये बाजारात आणलं आणि आजही ऑलिंपिकच्या पन्नास मीटर रायफल प्रकारात तेच चालतं. पितळी पुंगळी, तिच्या तोंडात शिशाची गोळी आणि बुडाच्या काठात भरलेला स्फोटक मसाला. फायरिंग पिन काठावर आपटते, म्हणून वापरलेल्या पुंगळीच्या काठावर एक छोटी खोक दिसते. गोळी साधारण ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम वजनाची असते. गव्हाचे पन्नास-साठ दाणे तळहातावर घेतले तर वजन जवळपास तेवढंच भरेल.

डब्यावरचा वेग बहुधा फुटांत दिलेला असतो. त्याला ०.३०४८ नं गुणलं की मीटर मिळतात. इंग्लंडमधल्या एलीच्या टेनेक्स या प्रसिद्ध मॅच काडतुसाचा वेग १०८५ फूट, म्हणजे सेकंदाला ३३१ मीटर. लापुआ, आरडब्ल्यूएस, एसके यांची मॅच काडतुसंही ३२७ ते ३३० मीटरच्या घरातली. याउलट सीसीआयचं मिनी-मॅग हे ४० ग्रेनचं हाय व्हेलॉसिटी काडतूस १२३५ फुटांचं, म्हणजे ३७६ मीटरचं. त्याच कंपनीच्या स्टिंगरमध्ये हलकी, ३२ ग्रेनची गोळी असते आणि तिचा वेग १६४० फूट, म्हणजे ५०० मीटर आहे.

हे आकडे तापमानाशेजारी ठेवून वाचा. उंबरमाळीत जानेवारीच्या पहाटे पारा १२ अंशांवर असेल तर ध्वनीचा वेग ३३८ ते ३३९ मीटर भरतो. मे महिन्यात दुपारी ४० अंशांना तो ३५५ वर जातो. टेनेक्ससारखं ३३१ मीटरचं काडतूस या दोन्ही वेळी सीमारेषेखालीच राहतं. पण ३४५ मीटरनं निघणारं एखादं काडतूस थंडीत ध्वनीच्या पुढं जाईल आणि उन्हाळ्यात मागं राहील. एकच डबा जानेवारीत एक वागणूक देतो आणि मेमध्ये दुसरी. सबसॉनिक हा नुसता डब्यावरचा शिक्का नाही, त्या दिवसाच्या हवेशी असलेलं गोळीचं नातं आहे. म्हणून मॅच काडतूस बनवणारे कारखाने सीमारेषेला चिकटून न राहता तिच्या खाली पुरेसं अंतर ठेवतात.

कागदावर फरक किती पडतो

आता ३३१ आणि ३७६ मीटरच्या दोन गोळ्या पन्नास मीटरवर समोरासमोर ठेवू. दोन्ही ४० ग्रेनच्या. पुढचे आकडे ढोबळ हिशोबाचे आहेत, पण निर्णय घ्यायला पुरेसे आहेत.

सबसॉनिक गोळीला पन्नास मीटर जायला साधारण ०.१५८ सेकंद लागतात, वेगवान गोळीला ०.१४२ सेकंद. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणामुळं पहिली १२ सेंटिमीटर खाली येते, दुसरी १० सेंटिमीटर. नळीच्या तोंडाशी पहिलीची ऊर्जा सुमारे १४० ज्यूल, दुसरीची १८४. नुसते हे आकडे पाहिले तर वेगवान गोळी सरस वाटेल.

पण कागदाला ऊर्जा लागत नाही. त्याला भोक पाडायला १४० ज्यूल पुरून उरतात. आणि गोळी किती खाली येते हा प्रश्न साइटच्या चार क्लिकांनी सुटतो. एकदा झिरो केलं, म्हणजे साइट त्या गोळीशी जुळवून घेतली, की ती १२ सेंटिमीटरची घट प्रत्येक गोळीला सारखीच असते. नेमबाजाला त्रास होतो तो गोळी-गोळीतल्या फरकाचा. एकाच डब्यातल्या दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटरचा फरक पडला तर पन्नास मीटरवर त्या एकमेकींपासून वर-खाली सुमारे ७ मिलिमीटर सरकतात. पन्नास मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरनं बाहेर असतं. म्हणजे तुमचा श्वास, चाप, नेम सगळं बिनचूक असूनही केवळ काडतुसाच्या बेभरवशीपणामुळं एक गुण जाऊ शकतो.

मॅच काडतुसाची किंमत जास्त असते ती या एकसारखेपणासाठी. मसाल्याचं वजन, दारूचं मोजमाप, गोळीचा आकार, पुंगळीच्या तोंडाची पकड, या सगळ्यांत फरक कमीत कमी राहावा म्हणून कारखाना मेहनत घेतो. हाय व्हेलॉसिटी काडतूस बहुधा स्वस्त, मोठ्या प्रमाणावर काढलेलं आणि वेगळ्या कामासाठी केलेलं असतं. त्याचा ग्रुप फाकतो तेव्हा सगळा दोष ध्वनीच्या सीमारेषेवर टाकणं बरोबर नाही. ३० अंशांच्या हवेत ३७६ मीटरनं निघालेली गोळी निम्म्या वाटेवर सीमारेषा ओलांडून खाली येते आणि त्या टप्प्यात तिच्यावर हवेचे हेलकावे बसतात हे खरं. पण पन्नास मीटरसारख्या छोट्या अंतरात ढिसाळ बनावट आणि वारा हेच मोठे गुन्हेगार असतात.

आणखी एक खबरदारी. एका काडतुसावर झिरो केलेली रायफल दुसऱ्या तऱ्हेचं काडतूस घालून तशीच वापरू नका. नुसत्या घटीच्या फरकानं गोळी २ सेंटिमीटरच्या वर सरकेल आणि दहाच्या जागी आठ पडेल. प्रत्यक्षात नळीचं कंपनही बदलतं, त्यामुळं ती डावी-उजवीकडेही जाऊ शकते. काडतूस बदललं की झिरो पुन्हा करायचं, हा नियमच ठेवा.

वाऱ्याचं उलटं गणित

इथं भल्याभल्यांची फसगत होते. जलद गोळी हवेत कमी वेळ असते, म्हणून वारा तिला कमी ढकलत असणार, असं मन सांगतं. पण आडव्या वाऱ्यानं गोळी किती सरकते हे एकूण वेळेवर ठरत नाही. हवाच नसती तर गोळी जितक्या वेळात पोहोचली असती, त्यापेक्षा प्रत्यक्षात तिला जो जादा वेळ लागतो, त्याला वाऱ्याच्या वेगानं गुणायचं. हा जादा वेळ म्हणजे हवेनं अडवल्यामुळं झालेला उशीर.

सबसॉनिक गोळी हवेविना ०.१५१ सेकंदांत पोहोचली असती आणि पोहोचते ०.१५८ मध्ये. बारीक हिशोबानं उशीर ०.००६ सेकंदांच्या आसपास येतो. वेगवान गोळी ०.१३३ मध्ये पोहोचली असती, पोहोचते ०.१४२ मध्ये. तिचा उशीर ०.००८ ते ०.००९ सेकंद, कारण ध्वनीच्या वेगाजवळच्या जबर रोधात तिनं आपला वेग उधळलेला असतो. सेकंदाला २ मीटरचा आडवा वारा, म्हणजे गवताची पाती हलवणारी झुळूक धरली, तर सबसॉनिक गोळी साधारण १२ मिलिमीटर सरकेल आणि वेगवान गोळी १६ ते १८ मिलिमीटर. दोन्ही दहाच्या मध्यावर रोखल्या असतील तर पहिली नऊ देईल, दुसरी बहुधा आठ.

.२२ च्या टप्प्यात हळू गोळी वाऱ्यात जास्त स्थिर राहते, हे वाक्य नव्या नेमबाजानं वहीत लिहून ठेवावं. आणि काडतूस कितीही चांगलं असलं तरी वारा वाचायला पर्याय नाही, हे त्याच्याखाली लिहावं. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पन्नास मीटरच्या रेंजवर फायरिंग लाइनपासून १० आणि ३० मीटरवर वाऱ्याच्या छोट्या पट्ट्या लावलेल्या असतात. सरावाच्या रेंजवर त्या नसतील तर परवानगी घेऊन काठीला हलक्या कापडाची चिंधी बांधा. आधी काही मिनिटं गोळी न झाडता नुसत्या पट्ट्या पाहा. कुठली झुळूक परत परत येते, ती किती वेळ टिकते, जवळची पट्टी आणि लांबची पट्टी एकाच दिशेला असतात का, हे हेरा. मग एकच परिस्थिती ठरवा आणि पट्ट्या तशा असतील तेव्हाच चाप दाबा. नळीजवळचा वारा जास्त नडतो, कारण तिथं गोळीची दिशा जराशी बदलली की पुढं सगळ्या अंतरभर ती चूक वाढत जाते.

मोठ्या रायफलीत चित्र का पालटतं

वर सांगितलेलं सगळं .२२ पुरतं खरं आहे. ते उचलून मोठ्या रायफलीला लावू नका. ७.६२ मिलिमीटरच्या लष्करी काडतुसातली साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८३० मीटरच्या आसपास वेगानं निघते आणि शेकडो मीटरपर्यंत ध्वनीच्या पुढंच राहते. तिच्या उपयोगाच्या टप्प्यात ती सीमारेषा येतच नाही. ३०० मीटरच्या जागतिक स्पर्धांमध्ये सेंटरफायर (काठाऐवजी बुडाच्या मध्यावर पिन आपटणाऱ्या) रायफली आणि सुपरसॉनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा जलद, गोळ्या वापरतात, त्याचं कारण हेच.

अशा बोअरमध्ये सबसॉनिक गोळी करायची तर वेगावर पाणी सोडावं लागतं आणि ते भरून काढायला गोळी जड करावी लागते. समजा १३ ग्रॅमची गोळी ३२० मीटरनं काढली. तिची ऊर्जा ६६५ ज्यूल भरते, नेहमीच्या गोळीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकी. १०० मीटरवर नेहमीची गोळी ८ सेंटिमीटर खाली येते, सबसॉनिक गोळी जवळजवळ अर्धा मीटर. २०० मीटरवर ही घट ३४ सेंटिमीटरच्या तुलनेत २ मीटर होते, म्हणजे अंतराच्या अंदाजात थोडी चूक झाली तरी नेम पार चुकतो. शिवाय लांब, जड गोळीला स्थिर ठेवायला नळीतले पेच जास्त घट्ट लागतात, आणि आपोआप पुढची गोळी भरणाऱ्या रायफलीचं यंत्र कमी दाबावर नीट चालेलच असं नाही. स्पर्धेची .२२ रायफल हातानं बोल्ट ओढून भरायची असते, म्हणून तिला ही शेवटची अडचण येत नाही.

तेव्हा प्रश्न कामाचा आहे. पन्नास मीटर आणि कागदाचं टार्गेट असेल तर सबसॉनिक .२२. लांबचा पल्ला असेल तर जलद सेंटरफायर गोळी. एकीचे गुण दुसरीत शोधू नयेत.

आपल्या नळीला कुठला लॉट मानवतो

दोन रायफली एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या असल्या तरी एकीला जे काडतूस आवडतं ते दुसरीला आवडेलच असं नाही. आणि एकाच नावाच्या काडतुसाचे दोन लॉट, म्हणजे कारखान्यातून निघालेल्या दोन खेपाही वेगळ्या वागतात. म्हणून बर्मिंगहॅमजवळच्या एलीच्या कारखान्यात किंवा जर्मनीत शोनेबेकच्या लापुआ केंद्रात बडे नेमबाज आपली रायफल घेऊन जातात, ती जखडून ठेवून एकेका लॉटच्या गोळ्या झाडून पाहतात आणि मानवलेल्या लॉटचा वर्षभराचा साठा घेतात. आपल्याला तितकं जमलं नाही तरी छोट्या प्रमाणावर तीच पद्धत वापरता येते.

क्लबमध्ये मिळतील ते दोन-तीन लॉट घ्या. प्रत्येक डब्यावरचा लॉट नंबर वहीत उतरवा. एका काडतुसाकडून दुसऱ्याकडे जाताना पहिल्या दहा-वीस गोळ्या मोजू नका. गोळीवर मेणचट वंगणाचा थर असतो, तो प्रत्येक कंपनीचा वेगळा, आणि नवा थर नळीत बसायला तेवढ्या गोळ्या लागतात. मग वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून, वारा पडलेला असताना, पहाटे किंवा सकाळी लवकर, दहा-दहा गोळ्यांचे निदान तीन ग्रुप घ्या. पाच गोळ्यांचा एखादा झकास ग्रुप पाहून हुरळून जाऊ नका. पाच गोळ्यांत नशीब बरंच काम करतं.

सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा आणि त्यातून गोळीचा व्यास, म्हणजे ५.६ मिलिमीटर, वजा करा. हा झाला मध्यापासून मध्यापर्यंतचा ग्रुप. पन्नास मीटरवर दहा गोळ्यांचा ग्रुप सातत्यानं १५ मिलिमीटरच्या आत येत असेल तर ते काडतूस तुमच्या रायफलीला मानवलं म्हणायचं. ग्रुप उभा लांबत असेल तर वेगातल्या फरकाचा संशय घ्या. आडवा पसरत असेल तर आधी वाऱ्याकडे आणि स्वतःच्या चाप दाबण्याकडे पाहा. महागडंच काडतूस जिंकेल असं नाही. मधल्या किमतीचा एखादा लॉट तुमच्या नळीत टेनेक्सला मागं टाकू शकतो, आणि तसं झालं तर वाचलेल्या पैशात आणखी सराव होईल.

पावसाळा आणि उन्हाळा

आपल्या भागात कसाऱ्याच्या पायथ्याला पाऊस चार महिने मुक्काम ठोकतो आणि उन्हाळ्यात पत्र्याची खोली तापते. दोन्ही काडतुसाला वाईट. काडतुसं मूळ डब्यात, घट्ट झाकणाच्या पेटीत, कुलपात ठेवा. मॅच गोळीवरचं वंगण उन्हात पातळ होऊन ओघळतं आणि थंडीत घट्ट होतं, त्यामुळं डबा गाडीत उन्हात ठेवू नका आणि रेंजवरही सावलीत ठेवा. काडतूस जमिनीवर पडलं तर मेणाला चिकटलेली वाळू थेट नळीत जाते. अशी गोळी बाजूला काढा. मेण पुसून टाकायचा मोह होतो, पण ते पुसू नका. ते नळीच्या संरक्षणासाठीच आहे. काठ चेपलेलं किंवा गोळी सैल झालेलं काडतूस वापरू नये.

सुरक्षितता आणि कायदा

‘सबसॉनिक’ या शब्दानं मनात सौम्यपणाची भावना येते. ती आधी काढून टाका. .२२ च्या डब्यांवर दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो आणि तो हळू गोळीबाबतही तितकाच गंभीरपणे घ्यायचा. दगडावरून, पाण्यावरून शिशाची गोळी उसळते. आपल्या शिवारात पाडे विखुरलेले, वाटा झाडीतून जाणाऱ्या, गुराखी आणि लाकूडफाटा गोळा करणाऱ्या बाया दिवसभर रानात. मान्यताप्राप्त रेंज सोडून कुठंही गोळी झाडायची नाही, याला अपवाद नाही.

कानांचं संरक्षण सबसॉनिक गोळीलाही लागतं, कारण नळीच्या तोंडाचा बार तसाच असतो. चाप दाबूनही गोळी उडाली नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा, मग बोल्ट उघडा. बार नेहमीपेक्षा दबका वाटला आणि कागदावर भोक दिसलं नाही तर पुढची गोळी मुळीच भरू नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते. प्रशिक्षकाला बोलवा. गोळी शिशाची असते आणि मसाल्यातही शिसं असतं, म्हणून रेंजवरून उठल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला किंवा पाण्याच्या बाटलीला हात लावू नका.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार .२२ रायफल आणि तिची काडतुसं बाळगायला परवाना लागतो. २१ वर्षांखालील व्यक्तीला स्वतःच्या नावावर परवाना मिळत नाही, पण ठरवून दिलेल्या अटींखाली प्रशिक्षणात शस्त्र वापरता येतं. म्हणून शाळकरी मुलांनी क्लबच्या छत्राखालीच शिकायचं. रानडुकरांनी भातशेती तुडवली म्हणून कुणी .२२ कडे पाहत असेल तर त्यालाही कळकळीनं सांगतो, तो मार्ग धरू नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा सर्वत्र लागू आहे, तानसा अभयारण्य आपल्या शेजारी आहे, आणि एवढ्या छोट्या गोळीनं जखमी झालेलं डुक्कर माणसावर उलटतं. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा करून वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करणं हाच सरळ रस्ता आहे.

सुरुवात कुठून करायची

सुरुवात .२२ पासून करू नका, १० मीटर एअर रायफलपासून करा. ४.५ मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७५ मीटरनं जातो. तोही सबसॉनिकच. .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही आणि खर्चही कमी. गोळी नळीत जास्त वेळ रेंगाळत असल्यामुळं चाप दाबल्यानंतरही रायफल स्थिर धरायची सवय लागते. हळू गोळीची हीच शिकवण पुढं .२२ ला उपयोगी पडते.

उंबरमाळीच्या मुलांना एक सोय आहे. कल्याणच्या दिशेनं लोकल धरली तर दादरला सावरकर स्मारकातली रेंज आणि पुढं वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज गाठता येते. उलट दिशेनं कसारा घाट चढला की नाशिक. मुरबाडकरांना एसटीनं कल्याण गाठावं लागतं, आणि पनवेलकडे ज्यांची सोय आहे त्यांच्यासाठी तिथं नेमबाज सुमा शिरूर यांची लक्ष्य अकादमी आहे.

अंजली भागवत यांची नेमबाजी मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीमुळंच सुरू झाली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी ऑगस्ट २०१० मध्ये म्युनिचला पन्नास मीटर रायफल प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे क्रीडा प्रबोधिनीतून घडला, नाशिकला शिकला, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकला. ऑलिंपिकमधले रायफलचे दोन्ही प्रकार, १० मीटरचा आणि ५० मीटरचा, आज ध्वनीपेक्षा हळू गोळीवरच चालतात.

म्हणून पुढच्या वेळी क्लबच्या कपाटासमोर उभे राहाल तेव्हा डब्यावरच्या सर्वांत मोठ्या आकड्याकडे हात नेऊ नका. ३२० ते ३३५ मीटरच्या घरातलं मॅच काडतूस मागा, लॉट नंबर लिहून घ्या, तीन ग्रुप झाडून मोजा आणि जो लॉट तुमच्या नळीला मानवेल त्यावर मोसमभर टिकून राहा. काडतुसाची चिंता एकदा संपली की उरतं ते फक्त तुमचं काम : शरीर स्थिर, श्वास निम्मा, चाप सावकाश. गुण तिथंच मिळतात.